हरेगावची पायी वारी आणि माझी गाळलेली ओळ

वारी म्हणलं की लोकांना पंढरपूर आठवतं, आणि ते बरोबरच आहे. पण आमच्या वैजापूर-गंगापूरकडच्या ख्रिस्ती वस्त्यांमधे सप्टेंबर आला की वारी म्हणजे हरेगाव. मतमाऊलीची, म्हणजे मरिया मातेची यात्रा. हरेगाव तसं आमच्या मराठवाड्यात नाही, गंगेच्या पलीकडं, नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात श्रीरामपूर तालुक्यात, जुन्या साखर कारखान्याचं गाव (गंगा म्हणजे गोदावरीच, आमच्याकडं गोदावरी कुणी म्हणत नाही, तो सगळा पट्टाच गंगथडी). यात्रा 1949 पासून भरते. आमचा धर्मप्रांत औरंगाबादचा, हरेगाव नाशिक धर्मप्रांतात, पण माऊलीकडं जाताना असला हिशोब कोण करतं. यात्रेच्या आधी नऊ शनिवार नोव्हेना, म्हणजे खास प्रार्थना असते, आणि मग कुणी टेम्पोनी, कुणी मोटारसायकलवर, कुणी पायी.

मी 2023 ला पायी गेलो. खरं सांगायचं तर मला जायचं नव्हतं.

नवस आईचा होता. तिचे गुडघे गेलेले, डॉक्टरनी जिना सुद्धा चढू नका म्हणून सांगितलेलं, आणि ही बाई म्हणती मी चालत येते म्हणून कबूल केलंय. आम्ही भांडलो, दोन दिवस घरात कुणी कुणाशी धड बोललं नाही, शेवटी ती म्हणली मग माझ्या वाटंचं तू चाल. त्यावर काय बोलणार.

आता मला का जायचं नव्हतं ते सांगायला पायजे, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. 2021 चा एप्रिल, दुसरी लाट. आण्णांचा, म्हणजे माझ्या वडलांचा ऑक्सिजन 78 वर आला आणि आम्ही संभाजीनगरला (तेव्हा औरंगाबादच होतं) ॲम्ब्युलन्समधे घेऊन फिरलो, चौथ्या दवाखान्यात बेड मिळाला. रेमडेसिविरच्या इंजेक्शनसाठी मी रात्रीचे किती फोन लावले आणि कुणाकुणाला किती पैसे दिले ते आता आठवलं तरी अंगावर काटा येतो. आत जाऊ देत नव्हते. मी बाहेर पार्किंगमधे एका बंद टपरीच्या फळीवर बसून असायचो. नवव्या रात्री बसल्या बसल्या प्रार्थना केली, लहानपणापासून येते तीच, हे आमच्या स्वर्गातील पित्या. आणि त्या रात्री मी ती नुसती पुटपुटलो नाही, एकेक शब्द मनापासून म्हणलो. तुझ्या इच्छेप्रमाणे होवो, हे तर दोनदा म्हणलो. अर्ध्या तासानी फोन वाजला. या म्हणले, सही करायला.

आण्णांना प्लास्टिकमधे गुंडाळून दिलं, म्हणजे दिलं पण नाही, त्यांच्याच माणसांनी नेलं. मी लांबून पाहिलं. फादरांनी फोनवर प्रार्थना केली, मोबाइल स्पीकरवर ठेवून मी हात वर धरला होता आणि मधेच रेंज गेली. मिसा (चर्चमधली मुख्य उपासना) नाही, पेटीला खांदा नाही, माती टाकायला गाव नाही. ज्या माणसानी वस्तीतल्या प्रत्येकाच्या मयतीला पुढं होऊन गाणी म्हणली त्याच्या मयतीला गाणं नाही.

त्याच्यानंतर वाळूजची नोकरी गेली. कॉन्ट्रॅक्टवर होतो, कॉन्ट्रॅक्टरनी फोनवरच सांगितलं उद्यापासून येऊ नको. दवाखान्याचं देणं, बचत गटाचं बायकोच्या नावावरचं कर्ज, दर आठवड्याला हप्ता. मी प्यायला लागलो. रोज नाही, पण ज्या दिवशी हप्ता असायचा त्या दिवशी नक्की, म्हणजे ज्या दिवशी पैसे नसायचे त्याच दिवशी प्यायला पैसे कुठून यायचे ते मलाच माहीत. बायको एकदा पोराला घेऊन माहेरी गेली ती महिनाभर आली नाही. ते सगळं लिहीत नाही, घराघरात आहे ते.

चर्च सोडलं असं नाही म्हणता येणार, आईला वाईट वाटेल म्हणून जायचो. घरी संध्याकाळची प्रार्थना पण व्हायची. फक्त त्या ओळीपाशी आलं की मी गप्प व्हायचो. तुझे राज्य येवो, जसे स्वर्गात तसे पृथ्वीवरही इथपर्यंत म्हणायचो, मग तोंड बंद, आणि आमची रोजची भाकर पासून परत सुरू. सगळे बरोबर म्हणत असतात, एकाचा आवाज कमी झाला तर कोणाला कळतं. मला वाटायचं देवाला मी असा चापटी मारतोय रोज. तुझी इच्छा पाहिली, आता माझ्याकडून परमिशन मागू नको.

तर असा माणूस वारीला निघाला.

शुक्रवार, 8 सप्टेंबर. म्हणजे मरियेचा जन्मदिवस नेमका. पहाटे चारला वस्तीतून निघालो, बावीस जणं. पुढं छोटा हत्ती टेम्पो, त्यावर माऊलीची मूर्ती, निळ्या साडीचा पडदा, झेंडूच्या माळा आणि एक स्पीकर जो मधेच खरखर करायचा. कॅटेकिस्ट (धर्मशिक्षण देणारे) मास्तर, चर्चच्या दोन सिस्टर, कॉलेजची सात-आठ पोरं, बाकी बायका. त्या आठवड्यात आंतरवाली सराटीला मराठा आरक्षणाच्या आंदोलकांवर झालेल्या लाठीमारावरून सगळीकडं तापलेलं होतं, एसटीचा काही भरवसा नव्हता, म्हणून ऐनवेळी दोनचार जण पायी चालायला वाढले होते. ऑगस्ट तर पूर्ण कोरडा गेलेला. रस्त्याच्या दोन्ही बाजूला कपाशी गुडघ्याएवढी, पातं गळून खाली पडलेलं, मका पिवळी. वैजापूर-श्रीरामपूर रोडवर सकाळी सकाळी लोकं शेताच्या बांधावर नुसती उभी होती. काही काम नव्हतं त्यांना, उभी होती.

लाडगावच्या पुढं पहिला फोड आला. मी कंपनीचे सेफ्टी शूज घातले होते, मला वाटलं मजबूत आहेत, तर तीच चूक. एका सिस्टरनी सुईत दोरा ओवून फोडातून आरपार काढला आणि दोरा तसाच आत ठेवला, म्हणजे पाणी झिरपत राहतं. म्हणल्या कातडी काढू नका. पुढचं सगळं मी एका पोराच्या स्लिपरवर चाललो. माझ्या बाजूनी आमच्या वस्तीतल्या एक आत्या चालत होत्या, सख्ख्या नाहीत, सगळ्यांच्याच आत्या. अनवाणी. पासष्टच्या पुढं असतील. 2017 ला गुलाबी बोंडअळीनी कपाशी खाल्ली, त्या वर्षी त्यांचा थोरला गेला, कसा गेला ते आमच्याकडं विचारत नाहीत. त्या दर वर्षी हरेगावला चालतात. मी विचारलं, आत्या काय मागता माऊलीकडं? त्या म्हणल्या काय मागायचं, मी तिला भेटायला जाते, तिचं पण लेकरू गेलंच की. आणि एकदम, तुझ्या पिशवीत पारलेजी हाय का?

दुपारी एका मळ्यात झाडाखाली बसलो. मळेवाले आमचे नाहीत, माळकरी होते, गळ्यात तुळशीची माळ, पण त्यांनी पिंपभर पाणी आणि ठेचा-भाकरी दिली. म्हणले चालणाऱ्याला पाणी पाजलंच पायजे, मग तो कुठं का चालंना. त्यांच्याशी बोलता बोलता सराला बेटाचा विषय निघाला. गंगागिरी महाराजांचा सप्ताह असतो, लाखांनी माणूस, आणि आमटी-भाकरीचा प्रसाद. आमचे आण्णा ख्रिस्ती माणूस, पण सप्ताह जवळपास असला की सायकल काढून आमटी-भाकर खायला जायचेच, घरी येऊन सांगायचे अशी आमटी तुझ्या आईला जन्मात जमायची नाही. हे मी त्या मळेवाल्यांना हसत हसत सांगत होतो आणि सांगता सांगता लक्षात आलं की दोन वर्षांत आण्णांची गोष्ट मी हसून पहिल्यांदा सांगतोय. नाहीतर माझ्या डोक्यात आण्णा म्हणजे ते प्लास्टिकच.

संध्याकाळी गंगेच्या अलीकडं आलो तवा आभाळ भरून आलेलं. मास्तर म्हणले पूल ओलांडायच्या आधी जपमाळ घेऊ. आज माऊलीचा वाढदिवस आहे तर आनंदाची रहस्यं (म्हणजे येशू-मरियेच्या आयुष्यातले आनंदाचे प्रसंग) घ्या म्हणले, त्यावर आत्या म्हणल्या शुक्रवार तो शुक्रवार, शुक्रवारी दुःखाचीच असतात. दोघांची थोडी हुज्जत झाली. आत्या जिंकल्या. आणि मग मास्तरांचा घसा बसलेला म्हणून त्यांनी माईक माझ्या हातात दिला. तुमचे आण्णा घ्यायचे ना, तुम्ही घ्या.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, जपमाळेत पुढं असलेला माणूस प्रार्थनेचा पहिला भाग म्हणतो आणि मागचे सगळे उरलेला भाग म्हणतात. हे आमच्या स्वर्गातील पित्या हे पुढच्यानी सुरू करायचं आणि तुझ्या इच्छेप्रमाणे होवो इथं सोडायचं, तिथून मागच्यांनी आमची रोजची भाकर उचलायची. मी लहानपणापासून मागं असायचो, हे डोक्यातच आलं नाही माझ्या.

पहिलं रहस्य, येशू गेथशेमाने बागेत, क्रुसावर जायच्या आदल्या रात्री. ते वाचलं. प्रार्थना सुरू केली, तुझे नाव पवित्र मानले जावो, तुझे राज्य येवो, जसे स्वर्गात तसे पृथ्वीवरही. आणि थांबलो. सवयीनी तोंड बंद झालं. मागं एकवीस माणसं गप्प. स्पीकर खरखरतोय, वरून थेंब पडायला लागलेत, एक ट्रॅक्टर मागून हॉर्न देतोय आणि मी माईक धरून उभा. किती वेळ गेला माहीत नाही, दहा सेकंद असतील, मला लई वाटले. मागून आत्याचा आवाज आला,

"अरं म्हण की बाबा पुढं, आमची भाकर अडली तिथं."

पोरं हसली. मला पण हसू आलं आणि त्याच्यातच रडू आलं, आणि त्या दोन्हीच्या मधे कुठंतरी ते शब्द निघाले, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो, फाटक्या आवाजात, माईकवर, सगळ्या गंगथडीला ऐकू जाईल असे. आणि मागून लगेच सगळ्यांनी उचललं, आमची रोजची भाकर आज आम्हाला दे. ज्या बाईचं पोरगं गेलं ती सगळ्यात मोठ्यानी.

त्या वेळी मला काही दिसलं बिसलं नाही. उजेड नाही, सुगंध नाही, अशा साक्षी मी पण ऐकल्यात. एवढंच डोक्यात आलं की गेथशेमाने बागेत येशूला पण ही ओळ लगेच म्हणता आली नव्हती. आधी तो म्हणतो हा प्याला माझ्यापासून टळो. पालथं पडून म्हणतो. शुभवर्तमानात लिहिलंय त्याचा घाम रक्ताच्या थेंबांसारखा पडत होता. आणि मी एवढी वर्षं ते वाचून पण समजत होतो की ती ओळ म्हणजे जमलं बाबा, मान्य आहे, सही केली. पार्किंगमधे मी सहीच केली होती, आणि वर परत सही करायलाच बोलावलं. तो तिथं सही करत नव्हता, भांडत होता आणि भांडता भांडता बापाचा हात सोडत नव्हता. मी पण दोन वर्षं भांडतच होतो की, फक्त तोंड फिरवून.

जपमाळेत ती प्रार्थना सहा वेळा येते. सुरुवातीची एक मी अशीच दबकत घेतली असती, पण मास्तरांनी ती आधीच बसलेल्या घशानी उरकली होती, म्हणून माझ्या वाट्याला पाच आल्या. दुसऱ्यांदा पण अडखळलो. पाचव्या वेळेला पूल संपत आला होता आणि आम्ही सगळे ओले.

रात्री पलीकडच्या एका गावात शाळेच्या व्हरांड्यात झोपलो. झोप कसली, डास आणि झंडू बामचा वास. सकाळी उठून चालायला लागलो तर दोन्ही बाजूला ऊस. नदीच्या त्या अंगाला कॅनॉलचं पाणी, आमच्याकडं पातं गळतंय आणि इकडं ऊस डोक्याच्या वर. वाईट वाटतं, उगं खोटं कशाला बोलू. देवाशी झालं मिटवून पण पाण्याचं भांडण वेगळं आहे.

हरेगावला पोचलो तर पाय ठेवायला जागा नाही. मेणबत्त्यांचा धूर, नारळ, खेळण्यांची दुकानं, हरवलेल्या पोरांची नावं माईकवरून, भजनी मंडळं टाळ घेऊन बसलेली. मी सरळ पापनिवेदनाच्या लाइनीत लागलो, दीड तास. आतल्या फादरांना मी सगळं सांगितलं, पिणं, बायको, आणि ती ओळ. मला वाटलं आता मोठं लेक्चर मिळणार. ते थोडं थांबले आणि म्हणले, वडिलांचं नाव काय? मी सांगितलं. त्यांची मिसा झाली होती का? म्हणलं नाही, फोनवर होती, रेंज गेली. त्यांनी खिशातून कागद काढून नाव लिहून घेतलं.

संध्याकाळच्या मिसामधे मेलेल्यांसाठी प्रार्थना आली तेव्हा बरीच नावं वाचली, त्यात आण्णांचं. स्पीकरवरून, एवढ्या गर्दीत. आत्यानी माझा हात दाबला. ह्यावेळी रेंज गेली नाही.

येताना टेम्पोनी आलो, पाय उरलेच नव्हते. कर्ज आहे तसंच आहे, अजून सात हप्ते. आता एका माणसाचा छोटा हत्ती चालवतो, भाजीपाला, कधी सिमेंट. दारू सुटली म्हणणार नाही, त्यानंतर दोनदा घेतली, दोन्ही वेळा घरी येऊन सांगितलं.

घरी पोचलो तेव्हा आई दारातच बसलेली. पायाकडं बघितलं, काही बोलली नाही. चहा दिला. मग म्हणली,

"म्हणलास का सगळी? का तिथं पण गाळली?"

मी बघतच राहिलो. म्हणलं तुला कसं माहीत.

"दोन वर्षं शेजारी बसते मी तुझ्या," म्हणली. "तू गप्प झाला की तुझ्या वाटंचं मी म्हणायचे, जरा मोठ्यानी. आता तुझं तू बघ."

आणि गुडघ्यावर हात ठेवून उठली, तेलात हळद गरम करायला.