जुनी गाइडबुकं आणि एक छोटा सर्व्हर : नववा आठवडा, रिस्टोर झालं एकदाचं

काल रात्री पावणेबाराला लॅबमधल्या सर्व्हरचं रिस्टोर, म्हणजे बॅकअपवरून तो पुन्हा उभा करणं, पूर्ण झालं, सर्व्हर आपणहून रिस्टार्ट झाला, लॉगिन आलं आणि टेस्टसाठी बनवलेल्या पाचही युजरचे मेलबॉक्स जसेच्या तसे उघडले. तिसरा प्रयत्न होता हा. खूप आनंद झालाय, म्हणून लगेच लिहून ठेवतोय.

ज्यांनी आधीच्या नोंदी वाचल्या नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. माझ्याकडे तीन जाडजूड गाइडबुकं आहेत, विंडोज स्मॉल बिझनेस सर्व्हरच्या (एसबीएस) २००३, २००८ आणि २०११ या व्हर्जनवरची एकेक, आणि ती पान पान करत घरच्या लॅबमध्ये प्रत्यक्ष करून बघायची असं ठरवलंय. सध्या २०११ स्टँडर्ड चालू आहे, एका व्हीएममध्ये (कॉम्प्युटरच्या आत चालणारा व्हर्च्युअल कॉम्प्युटर), ८ जीबी रॅम तर किमान लागतेच, मी १२ दिलीय. २०२० च्या जानेवारीत या व्हर्जनखालच्या विंडोजचा सपोर्ट संपला, त्यामुळे ही सगळी लॅब बंद नेटवर्कमध्ये आहे, बाहेरच्या इंटरनेटला तिचा स्पर्शही होत नाही. कुणी करून बघणार असाल तर हे पहिलं करा.

आता एवढी जुनी पुस्तकं कशाला, असं दोघातिघांनी विचारलं होतं. एसबीएस ही चीजच वेगळी होती. १९९७ पासून पुढची दीडेक दशकं मायक्रोसॉफ्टने हे पॅकेज दिलं, एकाच मशीनवर डोमेन कंट्रोलर (ऑफिसच्या नेटवर्कवरचे युजर आणि लॉगिन सांभाळणारा), एक्सचेंज (मेल), शेअरपॉइंट (ऑफिसची आतली वेबसाइट), अपडेट सर्व्हर, रिमोट अॅक्सेस, सगळं, जास्तीत जास्त ७५ जणांसाठी. मोठ्या कंपन्यांसाठीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं की डोमेन कंट्रोलरवर एक्सचेंज टाकू नका, आणि इथे नेमकं तेच करायचं असतं, म्हणून ती मोठी पुस्तकं इथे कामाला येत नाहीत. ही गाइडबुकं लिहिणाऱ्यांनी असा माणूस डोळ्यासमोर ठेवला होता की ज्याच्या ऑफिसात सर्व्हर एकच आहे, तो सांभाळणारा तो एकटाच आहे आणि त्याचं मुख्य काम दुसरंच काहीतरी आहे. त्या माणसाला सगळ्यात जास्त गरज असते ती क्रमाची, म्हणजे आधी काय, मग काय, आणि उलटं केलं तर काय बिघडतं. हे इतकं नीट सांगणारं लिखाण मला आजच्या तुकड्यातुकड्यांच्या माहितीत सापडत नाही, मनापासून सांगतो.

पहिले तीन आठवडे नेटवर्कच्या प्रकरणात गेले. तिन्ही पुस्तकं एकमेकांशी इथेच सगळ्यात जास्त भांडतात. २००३ चं पुस्तक दोन नेटवर्क कार्डं लावायला सांगतं, एक आतलं एक बाहेरचं, सर्व्हरच फायरवॉल. २००८ पासून ती पद्धत बंद, एकच कार्ड आणि पुढे राउटर. मी वाचताना दोन्ही प्रकरणं शेजारी शेजारी उघडून बसलो तेव्हा कुठे कळलं की २००८ च्या पुस्तकात राउटरवर इतकी पानं का आहेत.

डीएचसीपीवरून, म्हणजे मशीनना आपोआप आयपी पत्ते वाटणाऱ्या सर्व्हिसवरून, एक संध्याकाळ गेली. लॅबमधल्या व्हर्च्युअल राउटरचं डीएचसीपी मी चालूच ठेवलं होतं, आणि एसबीएसला नेटवर्कवर दुसरा डीएचसीपी दिसला की तो स्वतःची सर्व्हिस बंद करून टाकतो. सुरू करतोय, परत बंद, सुरू करतोय, परत बंद, आणि मी सर्व्हिसेसच्या खिडकीत बसलेलो. पुस्तकात हे एका छोट्या चौकटीत होतं आणि मी चौकटी सोडून वाचत होतो. आता चौकटी आधी वाचतो, मग मजकूर.

डीएनएस (नावावरून पत्ता शोधून देणारी सोय) मात्र मुद्दाम बिघडवून बघितलं. एका क्लायंटला (सर्व्हरला जोडलेल्या कॉम्प्युटरला) पहिला डीएनएस सर्व्हरचा आणि दुसरा राउटरचा दिला, बरेच जण असंच ठेवतात, एक गेला तर दुसरा असावा म्हणून. पण क्लायंट एकदा का दुसऱ्यावर गेला की तो तिथेच विचारत राहतो, आणि राउटरला तुमच्या डोमेनच्या एसआरव्ही रेकॉर्डचा पत्ताच नसतो, डोमेन कंट्रोलर कुठाय हे तो सांगणार कसं. लॉगिन इतकं रेंगाळलं की मशीन अडकलं असं वाटावं, ग्रुप पॉलिसी (सर्व्हरवरून लागू होणाऱ्या सेटिंग्ज) लागली नाही, शेअर केलेला ड्राइव्ह आला नाही. दुसरा डीएनएस काढला, क्लायंट रिस्टार्ट केला, सगळं ठीक. क्लायंटला फक्त सर्व्हरचा डीएनएस, बाहेरची नावं सर्व्हरने पुढे विचारायची. तिन्ही पुस्तकांचं ज्यावर एकमत आहे अशा मोजक्या गोष्टींपैकी ही एक.

जिथे पुस्तक जुनं झालंय तिथे मी समासात पेन्सिलने लिहितोय. सगळ्यात मोठी दुरुस्ती डोमेनच्या नावाची. तेव्हा सर्रास नावाच्या शेवटी डॉट लोकल लावायचे, इन्स्टॉलरही तेच देतो. पण २०१३ च्या आरएफसी ६७६२ ने (इंटरनेटच्या नियमांचा एक दस्तऐवज) डॉट लोकल हे मल्टिकास्ट डीएनएससाठी, म्हणजे सर्व्हरशिवाय जवळच्या नेटवर्कवर नावं शोधण्यासाठी, राखून ठेवलं, आणि १ नोव्हेंबर २०१५ नंतर सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थांनी असल्या आतल्या नावांना सर्टिफिकेट देणं बंद केलं. आपल्या मालकीच्या डोमेनचं सबडोमेन घेणं बरं. एसबीएसमध्ये ते करायचं तर इन्स्टॉलच्या आधी आन्सर फाइल (इन्स्टॉलरच्या प्रश्नांची उत्तरं आधीच लिहिलेली फाइल) बनवावी लागते, नंतर नाव बदलायची सोय नाही, म्हणून मी दुसऱ्या आठवड्यात सगळं पुसून पुन्हा इन्स्टॉल केलं. दिवस गेला पण पटलं म्हणून केलं.

विझार्डबद्दल, म्हणजे एकेक पायरी विचारत काम करून देणाऱ्या खिडक्यांबद्दल. तिन्ही पुस्तकं पानापानावर सांगतात की विझार्डनेच करा, हाताने करू नका. मला हे आधी बाळबोध वाटायचं, आता अजिबात नाही. युजर जोडायचा विझार्ड एका फटक्यात मेलबॉक्स, ग्रुप, फोल्डर, कोटा, रिमोटची परवानगी सगळं लावतो आणि युजर योग्य ओयूमध्ये, म्हणजे योग्य कप्प्यात, ठेवतो. मी एक युजर मुद्दाम अॅक्टिव्ह डिरेक्टरीच्या (डोमेनमधल्या युजर आणि मशीनच्या नोंदवहीच्या) खिडकीतून हाताने बनवला तर तो एसबीएस कन्सोलच्या यादीत दिसलाच नाही.

आता बॅकअप. तीन आठवडे रोज दोनदा बॅकअप होत होता, कन्सोलवर हिरवी खूण, आणि मी समाधानी. मग २०११ च्या पुस्तकात वाचलं की रिस्टोर करून बघितल्याशिवाय तो बॅकअप धरू नका, म्हणून नवीन व्हीएम बनवलं आणि बेअर मेटल रिस्टोर (कोऱ्या मशीनवर अख्खा सर्व्हर परत आणणं) लावलं. पहिल्यांदा सरळ नकार. कारण मी नव्या व्हीएमला जागा वाचवायला लहान डिस्क दिली होती, मूळ २०० जीबी, नवी १२०, डेटा तर जेमतेम ७०. पण विंडोज सर्व्हर बॅकअप डेटा बघत नाही, डिस्कचा आकार बघतो, नवी डिस्क जुनीएवढी किंवा मोठीच हवी. खऱ्या ऑफिसात सर्व्हर बंद पडलेला असताना, कपाटातून जुनी डिस्क काढून लावताना हे कळलं असतं तर काय झालं असतं, हा विचार रात्रभर डोक्यात होता. दुसऱ्यांदा डिस्क बरोबर दिली पण बॅकअपची डिस्क चुकीच्या व्हर्च्युअल कंट्रोलरला जोडली, रिकव्हरीला ती दिसेचना. तिसऱ्यांदा काल.

या सगळ्यात लॉग फाइल्सचंही कोडं सुटलं. एक्सचेंजच्या ट्रान्झॅक्शन लॉग फाइल्स (प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या), एकेक १ एमबीची, एक्सचेंजला ओळखणारा पूर्ण बॅकअप यशस्वी झाला की मगच मोकळ्या होतात. मी आठवडाभर बॅकअप बंद ठेवून स्क्रिप्टने टेस्ट मेल पाठवत राहिलो, डिस्क भरत गेली, आणि एका मर्यादेला एक्सचेंजने मेल घेणंच थांबवलं. म्हणजे डिस्क भरतेय ही तक्रार आली तर आधी बॅकअप कधी झाला होता ते बघायचं. सर्क्युलर लॉगिंग (जुन्या लॉगवरच पुन्हा लिहिणं) चालू करून जागा मोकळी होते हे खरं, पण मग शेवटच्या बॅकअपनंतरच्या मेल परत आणायचा रस्ता बंद होतो. २००३ च्या पुस्तकात तर याच्या शेजारी मेल स्टोअरची १६ जीबीची मर्यादा आणि सर्व्हिस पॅक २ ने ती ७५ पर्यंत नेली त्याची हकिगत आहे, त्या काळी किती जणांची झोप त्या १६ जीबीने उडवली असेल.

चुकून डिलिट झालेलं ओयू परत आणायचाही प्रयोग केला. इथे डीएसआरएमचा (डिरेक्टरी दुरुस्त करायच्या खास मोडचा) पासवर्ड लागतो, अॅडमिनचा वेगळा आणि हा वेगळा, मी लिहून ठेवला नव्हता. सर्व्हर चालू होता म्हणून एनटीडीएसयूटिल या टूलने बदलता आला, बंद पडल्यावर आठवला असता तर अवघड होतं. पुस्तकात ऑथोरिटेटिव्ह रिस्टोरवर (परत आणलेली नोंदच खरी धरायला लावणं) बरीच पानं आहेत, ती वाचून मी घाबरलो होतो, पण नीट विचार केला तर डोमेन कंट्रोलर एकच असेल तर त्याची गरजच नाही. दुसरा डोमेन कंट्रोलर असेल तर तो परत आलेलं ओयू पुन्हा डिलिट करून टाकेल, ती भानगड टाळायला ते आहे. (एसबीएससोबत दुसरा डोमेन कंट्रोलर चालत नाही हा गैरसमज आहे, चालतो, फक्त पाचही एफएसएमओ रोल, म्हणजे एका वेळी एकाच कंट्रोलरकडे असणारी खास कामं, एसबीएसकडे राहिले पाहिजेत.)

पुस्तकांत जी गोष्ट मला कुठेच धड सापडली नाही ती म्हणजे स्नॅपशॉट, व्हीएमची त्या क्षणाची साठवून ठेवलेली स्थिती. लॅबवाले आपण सगळे काहीही करायच्या आधी स्नॅपशॉट घेतो. मी सर्व्हर सहा आठवडे मागच्या स्नॅपशॉटवर नेला आणि एका क्लायंटचा डोमेनवरचा विश्वासच उडाला, कारण क्लायंट मशीन आपला पासवर्ड साधारण ३० दिवसांनी बदलतं आणि जुन्या सर्व्हरला नवा पासवर्ड माहीत नव्हता. क्लायंट डोमेनमधून काढून परत जोडला. दुसरा डोमेन कंट्रोलर असता तर यूएसएन रोलबॅक (बदलांचे क्रमांक मागे जाऊन दोन कंट्रोलरच्या नोंदी जुळेनाशा होणं) झाला असता, ते याहून वाईट, आणि त्यावरचं संरक्षण विंडोज सर्व्हर २०१२ मध्ये आलं. स्नॅपशॉटनंतर घड्याळही बघा, ५ मिनिटांहून जास्त फरक पडला की कर्बेरॉस (डोमेनमध्ये ओळख तपासणारी पद्धत) लॉगिन नाकारतं. हे सगळं मी २०११ च्या पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर लिहिलंय.

२००३ च्या पुस्तकात मागे कोरे तक्ते आहेत, सर्व्हरचं नाव, आयपी, डिस्क कशी वाटलीय, कुठला पासवर्ड कुठल्या पाकिटात. मी ते वहीत उतरवून भरतोय आणि त्यात एक रकाना माझा घातलाय, शेवटचं रिस्टोर कधी करून बघितलं. नंतर हीच वही घेऊन सांबावर (विंडोज सर्व्हरची ही कामं लिनक्सवर करणारं मोफत सॉफ्टवेअर) अॅक्टिव्ह डिरेक्टरी उभी करायचीय, ती सोय सांबात ४.० पासून आहे, तक्ते तिथेही तसेच लागू पडतील असं दिसतंय.

पुढचं प्रकरण २००३ वरून २०११ वर माइग्रेशन, म्हणजे जुन्या सर्व्हरवरचं सगळं नव्यावर नेणं. थेट अपग्रेड होत नाही कारण २००३ हे ३२ बिट आणि २००८ पासून फक्त ६४ बिट, आणि एका डोमेनमध्ये दोन एसबीएस राहू शकत नाहीत म्हणून दोन्ही सोबत ठेवायला २१ दिवसांची सवलत मिळते, तेवढ्यात जुना काढायचा. पुस्तक सांगतं की सुरुवात करण्याआधी जुन्या सर्व्हरच्या इव्हेंट लॉगमध्ये जर्नल रॅपची (फाइलींमधल्या बदलांची नोंद तुटल्याची) एरर आहे का बघा, असेल तर सिसव्हॉल (पॉलिसी आणि लॉगिन स्क्रिप्टचं फोल्डर) नव्या सर्व्हरवर येत नाही आणि माइग्रेशन अर्धवट लटकतं. माझ्याकडे ती एरर नाहीये, दोनदा बघितलं. २००३ चा बॅकअप एनटीबॅकअप या जुन्या टूलने होतो आणि ती फाइल नवं बॅकअप टूल वाचत नाही, म्हणून त्याचा रिस्टोर वेगळा शिकावा लागणार. आज रात्री तो पहिला बॅकअप लावलाय, रविवारी दुसऱ्या व्हीएमवर रिस्टोर करून बघतो, तो झाल्याशिवाय माइग्रेशनला हात लावत नाही.