वलगणीच्या खवल्या आणि सरांचे आउटलायर

माशाची लांबी आणि वजन यांचं नातं काढायचं म्हटलं की लोकांना वाटतं काय अवघड आहे, पट्टीवर ठेवा, काट्यावर ठेवा, एक्सेलमध्ये लॉग घ्या. वजन बरोबर ए गुणिले लांबीचा बी घात, आणि सगळ्यांचा जीव त्या बीमध्ये. बी ३ आला तर मासा सगळीकडून सारखाच वाढतोय, लांबी दुप्पट झाली की वजन आठपट. ३च्या वर गेला तर वाढता वाढता जाडही होतोय. बस्स.

जूनमध्ये पहिला जोरदार पाऊस झाला आणि सावित्रीच्या खोऱ्यातून रात्री फोन, वलगण चढली, येताय तर या. म्हणजे मासे अंडी घालायला ओढ्याच्या प्रवाहाविरुद्ध वर निघाले. ओढ्यावर निम्मं गाव, बॅटऱ्या आणि कोयते. कोयत्याचा मासा आमच्या काही कामाचा नाही, अर्धा कापलेला, रक्त गेलेलं, वजन कशाचं घेणार. मग पाग, म्हणजे फेकायचं जाळं, टाकणाऱ्या एका काकांच्या खवल्या मागितल्या. खवल्या म्हणजे अंगावरचे खवले नव्हेत, ओढ्यातले छोटे मासे. ते म्हणाले, "ताई, विकत घेताय का नुसत्या मोजताय? घरी कालवणाला थांबलेत." दोन्ही केलं.

वाऱ्याने काटा नाचतो म्हणून वजन गाडीत, काचा बंद करून, घामाच्या धारा. मासा पंच्याने टिपायचा, तोंड खाली करून आतलं पाणी काढायचं, शेपटीची टोकं जवळ आणून एकूण लांबी, आणि शेपटी फाटलेली असेल तर ती लांबी लिहायचीच नाही. हे कुठल्याही पेपरच्या मेथड्समध्ये एका ओळीच्या वर नसतं आणि सगळी गंमत इथेच असते. आमचा नवा प्रोजेक्टवाला पोरगा शिकवल्यासारखं आधी लांबी घेत होता. पट्टीवर पोट जरा दाबलं गेलं की गाबोळी बाहेर, मोहरीपेक्षा बारीक पिवळसर अंडी पट्टीच्या खाचांत चिकटलेली, आणि मग ती मादी काट्यावर. म्हटलं, अरे बाळा, वजन आधी! नरांचंही तेच, हात लागला की पांढरा चीक.

११.२ सेंटीमीटरच्या दोन खवल्या शेजारी शेजारी होत्या, एक १६ ग्रॅम, दुसरी २२. दुसरीच्या पोटात गाबोळीशिवाय काही नव्हतंच म्हणा ना.

घरी येऊन आकडे टाकले तर त्या रात्रीच्या लॉटचा बी ३.४. बाकी वर्षभराचा ३च्या आसपास. सरांनी ग्राफ बघितला आणि म्हणाले, "वरचे हे ठिपके आउटलायर आहेत, काढून टाक, आर स्क्वेअर छान येईल." आउटलायर म्हणजे रेषेपासून लांब पडलेले ठिपके, आणि आर स्क्वेअर म्हणजे ठिपके रेषेला किती धरून आहेत त्याचा आकडा, १ आला की पैकीच्या पैकी. त्याचं हे वेड मला कधी कळलंच नाही. एवढ्याशा पिल्लापासून मोठ्यापर्यंत मासे घेतले की तो ०.९८ येतोच, त्यात कौतुक काय. आणि हे ठिपके चुकलेले नाहीत. लहान मासे अजून वयात यायचेत, मोठ्या माद्या भरलेल्या, त्यामुळे रेष वरच्या टोकाला उचलली जाणारच. मत्स्यशास्त्रज्ञ फ्रोजेने २००६ साली १७७३ जातींची ३९२९ समीकरणं एकत्र करून बघितली होती, बी साधारण २.५ ते ३.५ मध्येच असतो. म्हणजे ३.४ काही आभाळातून पडलेला नाही. सर उठसूट ज्या ले क्रेनचा दाखला देतात त्याने १९५१ मध्ये इंग्लंडमधल्या विंडरमियर तळ्यातल्या पर्च माशांवर काम केलं तेव्हा लांबी-वजनाबरोबर अंडाशय आणि वृषणाचं वजन ऋतूप्रमाणे कसं बदलतं तेही मांडलं होतं. अर्धा पेपर वाचायचा आणि दाखला पूर्ण द्यायचा, आपल्याकडे हे चालतं.

पण दुसरी बाजूही खरी आहे. हा लॉट वर्षाच्या डेटात ढकलला तर जे समीकरण येईल ते ना जूनचं ना जानेवारीचं. उद्या कोणी ते वापरून नुसत्या लांबीवरून वजन काढेल, हिवाळ्यातल्या मोठ्या खवल्या कागदावर उगाच जाड होतील. फ्रोजेचंही म्हणणं वर्षाची सरासरी द्या असंच आहे, फक्त आपल्या ओढ्यांत वर्ष म्हणजे चढणीच्या दोन-चार रात्री आणि उरलेले महिने, त्याची सरासरी कशी काढायची ते कोणीतरी सांगा.

आणखी एक टोचतं. आम्ही मोजले ते सगळे अंडी घालायला वर निघालेले मासे. आम्ही नसतो तरी ते कालवणात गेले असते हे खरंच आहे, तरी टोचतं.

तूर्त मी टेबलात चढणीचा लॉट वेगळा ठेवलाय, त्यात नर-मादी वेगळे, आणि शेजारी गाबोळी काढून घेतलेलं वजन. सर म्हणतात टेबल लांबतंय, रिव्ह्यूअर कंटाळेल. कंटाळू दे की.