जुन्या प्रोग्रॅमांचा मेळा

हंगाम संपला की आमच्या फुटबॉलप्रेमी मंडळात जुन्या वस्तूंच्या मेळ्याची तयारी सुरू व्हायची. लांबच लांब टेबलं मांडली जायची. त्यांवर मॅच प्रोग्रॅम, अर्धी फाडलेली तिकिटं, बिल्ले, लोकरीचे स्कार्फ, जर्सी, संघांचे फोटो. थोडी खरेदी-विक्री व्हायची, अदलाबदल बरीच व्हायची, आणि गप्पांना तर अंतच नसायचा. टेबलामागचा माणूस ‘हे मला कसं मिळालं’ इथून सुरुवात करायचा, आणि बघता बघता आपण एखाद्या क्लबचा सगळा इतिहास ऐकलेला असायचा.

जर्सीच्या टेबलाशी सगळ्यात जास्त गर्दी. माझे पाय मात्र प्रोग्रॅमकडेच वळायचे. सामन्याच्या दिवशी मैदानाबाहेर विकली जाणारी ही चार-आठ पानं. दोन्ही संघांची नावं, क्लबचं निवेदन, जाहिराती, बस्स. महायुद्धाच्या काळात इंग्लंडमध्ये कागदाची टंचाई होती, तेव्हा अनेक क्लबांचा प्रोग्रॅम एका घडीच्या कागदावर आला. सामना संपल्यावर ही पानं बहुतेक फेकलीच जायची. म्हणूनच जी उरली, ती कुणीतरी जपली म्हणून उरली. जाणकार कोऱ्या प्रतीला जास्त मान देतात, पण मला आवडते ती वापरलेली प्रत. ऐनवेळी बदललेल्या खेळाडूचं नाव खोडून वर पेन्सिलीने नवं लिहिलेलं, गोल करणाऱ्यापुढे बारीक रेघ मारलेली. तो प्रेक्षक त्या दिवशी तिथे उभा होता, याचा एवढा पक्का पुरावा दुसरा कुठला?

याच टेबलावर मला अक्षरांचं कोडं उलगडलं. जुन्या प्रोग्रॅमच्या एका पानावर ए, बी, सी अशी अक्षरं आणि प्रत्येकापुढे दुसऱ्या मैदानांवर चाललेला एकेक सामना छापलेला असायचा. मध्यंतरात मैदानातल्या फलकावर फक्त अक्षर आणि आकडे लागायचे. कुठलं अक्षर कुठल्या सामन्याचं, हे प्रोग्रॅम घेतल्याशिवाय कळायचं नाही. क्लबांची ही युक्ती ऐकून दरवर्षी नव्या मंडळींचे डोळे चमकायचे.

एक काका दरवर्षी एकच प्रोग्रॅम घेऊन यायचे. तो विकायचा नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. 19 फेब्रुवारी 1958, मँचेस्टर युनायटेड विरुद्ध शेफिल्ड वेन्सडे, एफए कप ही इंग्लंडमधली बाद पद्धतीची स्पर्धा. 6 फेब्रुवारीला म्युनिकला झालेल्या विमान अपघातानंतर युनायटेडचा हा पहिला सामना. त्या अपघातात 23 जण गेले, त्यांत युनायटेडचे आठ खेळाडू. प्रोग्रॅम छापायला गेला तेव्हा संघात कोण खेळणार हेच ठरलेलं नव्हतं. वेन्सडेच्या बाजूला नावं आहेत, युनायटेडच्या बाजूला अकरा जागा रिकाम्या.

काकांच्या प्रतीत त्या जागा पेन्सिलीने भरलेल्या होत्या. ध्वनिक्षेपकावरून नावं सांगितली जात असताना कुणीतरी घाईघाईने लिहिलेली, काही अक्षरं एकमेकांवर चढलेली. अपघातातून वाचलेले दोघंच त्यात होते, गोलरक्षक हॅरी ग्रेग आणि कप्तान बिल फोक्स. स्टॅन क्राउदरला तर सामन्याच्या तासाभर आधी करारबद्ध केलं होतं. त्या संध्याकाळी युनायटेड 3-0 ने जिंकलं, शे ब्रेननने दोन गोल केले. अपघातात जखमी झालेला युनायटेडचा खेळाडू डंकन एडवर्ड्स तेव्हा म्युनिकच्या रुग्णालयात झुंजत होता. दोन दिवसांनी तो गेला. काका हे सगळं सावकाश सांगायचे, आणि मी दरवर्षी ते पुन्हा ऐकायला जायचो.

दुपारी चर्चा असायची. एका वर्षी विषय होता शेफिल्ड एफसीचा. 1857 मध्ये स्थापन झालेला हा जगातला सर्वांत जुना फुटबॉल क्लब. त्याने 2011 मध्ये आपली जुनी कागदपत्रं लिलावात काढली आणि 8 लाख 81 हजार 250 पौंड मिळाले. त्यात खेळाच्या नियमांचा हस्तलिखित मसुदासुद्धा होता. क्लबला पैशांची गरज होती, हे एका बाजूचं म्हणणं. ते बरोबरच आहे. तरीही नियमांचा तो मसुदा क्लबच्याच घरात राहायला हवा होता, असं मी तेव्हा म्हणालो होतो आणि आजही म्हणेन.

कोलकात्याचा मोहन बागान क्लब हा विषय होता, त्या वर्षी वेगळीच रंगत आली. 29 जुलै 1911 ला आयएफए शील्ड या कोलकात्यातल्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात त्यांनी ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंट या ब्रिटिश लष्करी संघाला 2-1 ने हरवलं. अकरापैकी दहा जण अनवाणी खेळले, बूट होते ते फक्त सुधीर चटर्जींच्या पायात. शिवदास भादुरी आणि अभिलाष घोष यांचे गोल. मोहन बागानच्या शताब्दीला, 1989 मध्ये निघालेलं टपाल तिकीट एका ताईंनी काचेखाली ठेवलं होतं. टेबलावर वस्तू म्हणावी तर एवढीच, पण त्याभोवतीचा घोळका शेवटपर्यंत हलला नाही.

अलीकडे तिकीट फोनवरच येतं, फाडलेला तुकडा हातात उरत नाही. 2018 पासून इंग्लिश फुटबॉल लीगने (प्रीमियर लीगखालच्या तीन श्रेणी चालवणारी संघटना) क्लबांवरची प्रोग्रॅम छापण्याची सक्तीही काढली. याची मला मनापासून चिंता वाटते. आज छापलंच नाही तर पुढच्या पिढीच्या टेबलावर मांडायचं काय?

यंदाच्या मेळ्याचा विषय ठरला आहे, जर्सीवरचे क्रमांक. 1933 च्या एफए कप फायनलला एव्हर्टनने 1 ते 11 आणि मँचेस्टर सिटीने 12 ते 22 क्रमांक घातले होते, आणि एव्हर्टनच्या डिक्सी डीनच्या पाठीवर 9 होता. तिथून सुरुवात करणार आहोत. जुना फोटो, कात्रण, पाठीवरून उसवलेला एखादा कापडी आकडा, काहीही असलं तरी घेऊन या. टेबल मी धरून ठेवतो.