आमची वाटचाल : तार, भुसा आणि तराजू

सावंतवाडीत चितारआळीच्या मागच्या अंगाला आमचं वाइंडिंगचं, म्हणजे जळलेल्या मोटरींत नवी तार गुंडाळून भरायचं, दुकान आहे. बोर्ड पुसट झालाय, पण ज्याला यायचं तो बरोबर येतो. 1999 साली सुरू केलं. आयटीआय झाल्यावर दोन वर्षं कोल्हापुरात एका वाइंडरकडे हात काळे केले आणि येताना तीन वस्तू घेऊन आलो: हाताने फिरवायचं कॉइल मशीन, एक मायक्रोमीटर आणि 500 व्होल्टचा जुना मेगर, म्हणजे वाइंडिंगचं इन्सुलेशन तपासायचं मीटर. मेगर अजून तोच आहे. हँडल मारताना कुरकुरतो, पण खोटं बोलत नाही. ग्राउलर, म्हणजे आर्मेचरमधला शॉर्ट शोधायचं साधन, मी स्वतः बनवला. त्यावर आर्मेचर, म्हणजे मोटरचा तार भरलेला फिरता भाग, ठेवायचं, वरून हॅक्सॉचं पातं फिरवायचं. तार बसवायच्या ज्या खाचेत, म्हणजे स्लॉटमध्ये, शॉर्ट असेल तिथे पातं थरथरायला लागतं. नव्या पोरांना हे दाखवलं की जादू बघितल्यासारखं तोंड करतात.

पहिल्या वर्षी नुसते पंप आणि मिक्सर. कोरीवकामाची मोटर पहिल्यांदा आणली ती आमच्या मेस्त्रींनी. मेस्त्री घरच्या पडवीत देव्हारे, चौरंग, पालखीचे दांडे कोरतात. खुंटीला टांगलेली मोटर, तिला लवचीक शाफ्ट आणि शाफ्टच्या टोकाला हातातला पीस, अशी ती मशीन. मोटर चालता चालता तापते, वास येतो, पाच मिनिटांत दम टाकते, अशी तक्रार होती. दोन जणांनी ‘आर्मेचर गेलं, नवीन घ्या’ म्हणून सांगितलं होतं. मी उघडली तर आत लाकडाचा भुसा असा दाबून बसलेला की आर्मेचरभोवतीची फील्ड कॉइल दिसत नव्हती. हवा शिरायची भोकं बंद, पंखा नुसता नावाला फिरतोय. ब्रशने साफ केली, कम्युटेटर, म्हणजे ब्रश घासतात तो तांब्याच्या पट्ट्यांचा गोल भाग, काचेच्या बारीक कागदाने पुसला, दोन कार्बन ब्रश बदलले. मेस्त्री बघत उभे होते. म्हणाले, “म्हणजे जळाक नाय ता. पोट भरलाहा तेचा.” तेव्हापासून दुकानात हाच शब्द चालतो. कोणी तापणारी मोटर आणली की पोरगा आधी विचारतो, पोट बघितलंत का?

मधल्या दहा-बारा वर्षांबद्दल सांगण्यासारखं काही नाही. काम येत होतं, जात होतं, मुलगी कॉलेजला गेली.

सांगायचं ते 2012 चं. आदल्या वर्षी आमच्याच रस्त्याला एक नवीन दुकान उघडलं. नाव घेत नाही. मोठा फ्लेक्स, ‘एका दिवसात मोटर’, दर माझ्या निम्मे. गिऱ्हाईक पातळ झालं तसं मलाही कुठेतरी कात्री लावावी लागली आणि मी ती तारेला लावली. नेहमीचा तारवाला सोडून घाटावरच्या एका व्यापाऱ्याकडून स्वस्तात तार घेतली. चमक बघितली, मायक्रोमीटरवर गेज, म्हणजे तारेची जाडी, बघितला, सगळं बरोबर. वर पूर्वीपेक्षा एका किलोत जास्त मोटरी भरायला लागल्या. मला वाटलं, हात बसला आता, वाया कमी जातंय! त्या आनंदाची आजही लाज वाटते. गेज तोच, टर्न म्हणजे वेढे तेवढेच, मग तार उरेलच कशी? इतका साधा हिशेब मी मांडला नाही.

श्रावण लागला. गणपतीआधी आमच्याकडे सगळ्यांच्या मशिनी रात्रंदिवस चालतात: मखरं, पाट, चौरंग, खेळण्यांच्या लेथी. आणि माझ्या मोटरी एकेक करून परत यायला लागल्या. आधी एक लेथची अर्धा एचपी, मग तीन कोरीवकामाच्या, मग रोज एक. वाइंडिंग काळं, व्हार्निश करपलेलं. आकडा 31 वर जाऊन थांबला. मी व्हार्निश बदललं, स्लॉटमधला इन्सुलेशनचा लेदराइट पेपर बदलला, कपॅसिटर तपासले, रस्त्यावरचा व्होल्टेजसुद्धा रात्री बारा वाजता मोजला. काही सापडेना.

शेजारच्याने काय करावं? एक जळकं आर्मेचर सुतळीला बांधून आपल्या काउंटरवर टांगलं. येणाऱ्याला सांगायचं, हे बघा तिकडचं काम. आता खरी गोष्ट अशी की ते आर्मेचर माझं नव्हतंच. मी टोकं बांधतो ती पांढऱ्या दोऱ्याने, दुहेरी गाठ, गाठ शाफ्टच्या बाजूला. तिथे हिरवी नायलॉनची होती. पण गाठ कोण बघतो? लोक काळं पडलेलं तांबं बघतात.

कोडं सोडवलं ते मेस्त्रींनी. त्यांचीही मोटर जळलेली होती. मी कॉइल कापून बाहेर काढली आणि ते सहज हातात घेऊन बसले. थोड्या वेळाने म्हणाले, “ह्या हलक्या लागता रे. पांगारो आणि शिवण, दोनय लाकडां मी डोळे मिटून वळखतंय. हेच्यात काय तरी खोट आसा.” मी ब्लेडने तार खरवडली. वरून तांब्याचा पापुद्रा, आत पांढरं ॲल्युमिनिअम.

धंद्यातल्या माणसाला पुढचं सांगायला नको, तरी सांगतो. तांब्याच्या एका घनसेंटीमीटरला जवळपास 9 ग्रॅम वजन, ॲल्युमिनिअमला 2.7. म्हणून किलोला तार लांब भरते. पण ॲल्युमिनिअमचा रोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त, म्हणजे त्याच स्लॉटमध्ये त्याच करंटला उष्णता जास्त. पंख्याने ती एखादवेळ निभावून नेली असती. भुशाने पोट भरलेली, बारा-बारा तास चालणारी मोटर कशी निभावणार?

व्यापाऱ्याला फोन केला. “बिल आहे का?” म्हणाला. बिल नव्हतं. स्वस्तात घेणाऱ्याकडे बिल कुठलं.

31 मोटरी मी परत भरून दिल्या, फुकट. त्यासाठी पिग्मी मोडली आणि अनंत चतुर्दशी उलटून गेली तरी काम संपलं नव्हतं. बारा गिऱ्हाइकं तेवढ्यात निघून गेली ती गेलीच, त्यातली दोन सख्ख्या नात्यातली. मेस्त्रींनी मात्र आपली मोटर सगळ्यात शेवटी भरायला सांगितली. त्या वर्षी त्यांनी चौरंग हाताने पटाशी चालवून पूर्ण केले. नवं मशीन घ्यायला त्यांना कोणी अडवलं नव्हतं.

तेव्हापासून बेंचवर किराणा दुकानात असतो तसा तराजू आहे. नवीन रीळ आलं की वीतभर तार गिऱ्हाइकासमोर खरवडायची. जुनं तांब्याचं वाइंडिंग वजन करून लिहून ठेवायचं, नवीन तेवढंच भरलं पाहिजे.

विषय निघालाच आहे तर घरी कोरीवकाम करणाऱ्यांना चार गोष्टी. कम्युटेटरला एमरी पेपर लावू नका, त्याचे कण तांब्याच्या पट्ट्यांमधल्या फटीत अडकतात. ब्रश झिजून पाच-सहा मिलिमीटर उरले की दोन्ही एकदम बदला. जुनेच परत बसवायचे असतील तर ज्या बाजूचा त्याच बाजूला, तसाच तोंड करून. बारीक निळसर ठिणगी चालते. कम्युटेटरभोवती गोल ज्वाळेचं कडं फिरलं तर लगेच बंद. बेअरिंग बदलताना रबरी सीलचं मागा, भुशाला पत्र्याचं सील पुरत नाही. आणि पावसाळ्यात दोन महिने पडून राहिलेली मोटर एकदम चालू करू नका. प्लायच्या खोक्यात 100 वॉटचा जुना पिवळा बल्ब लावून रात्रभर ठेवा, सकाळी मेगर लावा. 1 मेगाओहमच्या खाली असेल तर परत खोक्यात. आमच्या कोकणातल्या हवेला हा एकच उपाय. सिलिका जेलच्या पुड्या वगैरे मी करून बघितल्या.

आता पोरं घरात संगणकावर चालणारे, लाकूड कोरायचे राउटर आणतात. 24,000 आरपीएमचं स्पिंडल, म्हणजे कोरणारी मोटर, आणि तिला वीज पुरवणारा 400 हर्ट्झचा ड्राइव्ह. काम सुबक येतं, मी नावं ठेवणार नाही. पण परवा एकाचं पाण्याने थंड होणारं स्पिंडल आलं, पार जळलेलं. ड्राइव्हला दोष देत होता. मी पाण्याची नळी काढून फुंकर मारली, फुंकर जाईना. आत शेवाळ. माशांच्या टाकीचा छोटा पंप लावलेला आणि विहिरीचं पाणी सहा महिने बदललेलं नाही. लाखभराचं मशीन, आणि त्याचंही पोटच भरलेलं.

शेजारचं दुकान 2019 ला बंद झालं. तो दुसऱ्या धंद्यात गेला, वाईट चिंतत नाही. सामान भंगारवाल्याने किलोवर उचललं तेव्हा मी मुद्दाम जाऊन ते आर्मेचर मागून आणलं. नायलॉनची हिरवी गाठ तशीच होती. ते आता माझ्या कपाटात आहे, मागितलं तर दाखवतो.

मेस्त्रींचं वय झालंय. मे अखेरीला, पाऊस यायच्या आधी, त्यांचा नातू मोटर घेऊन आला. 2012 ला भरलेलंच वाइंडिंग, पांढरा दोरा, मेगरवर काटा वरपर्यंत. भुसा काढला, एक बेअरिंग आवाज करत होतं ते बदललं. नातवाने पैसे विचारले. बेअरिंगचे घेतले.