तानसेन समारोहाला ग्वाल्हेरला जाताय? सकाळची सभा चुकवू नका

लहानपणापासून ऐकत आले होते, "एकदा डिसेंबरात ये गं, तानसेनला जाऊ." आत्या ग्वाल्हेरच्या लष्कर भागात फालका बाजाराजवळ राहते आणि तिच्या बोलण्यात 'तानसेन' म्हणजे अकबराच्या दरबारातला गायक नाही, तर त्याच्या आठवणीत ग्वाल्हेरला दर डिसेंबरात भरणारा शास्त्रीय संगीताचा समारोह. 2024 मध्ये समारोहाचं शंभरावं वर्ष होतं, 15 ते 19 डिसेंबर. त्या वेळी मात्र रजा टाकलीच.

पहिलाच घोळ धुक्यानं केला. पहाटे पोचणारी गाडी दुपारी पोचली आणि मला सगळ्यात जास्त हवं होतं तेच हुकलं. समारोहाची सुरुवात पहिल्या दिवशी सकाळी तानसेनच्या समाधीपाशी होते. सनई वाजते, मग ढोलीबुवांच्या मठाच्या परंपरेतली हरिकथा, त्यानंतर मीलाद, म्हणजे पैगंबरांच्या स्तुतीचं पठण, आणि समाधीवर चादर. एकाच अंगणात, एकामागोमाग एक. आत्यानं रात्री जेवताना सगळं सांगितलं, तरी ऐकलेलं आणि पाहिलेलं यात फरक राहतोच. म्हणून पहिला सल्ला हाच: एक दिवस आधी पोचा. पंजाब मेल, झेलम, गोवा एक्स्प्रेस या सगळ्या ग्वाल्हेरला थांबतात, पण डिसेंबर-जानेवारीत उत्तरेकडच्या धुक्यात वेळापत्रकावर विसंबून राहू नका.

समाधी हजिरा भागात, किल्ल्याच्या पायथ्याशी आहे. सूफी संत मोहम्मद गौस यांचा मोठा मकबरा आणि त्याच्या दगडी जाळ्या बघत आत शिरलं की बाजूला तानसेनची छोटीशी, खांबांवर उभी असलेली समाधी दिसते. शेजारी चिंच. तिची पानं चावली की गळा गोड होतो, अशी गाणाऱ्यांची जुनी श्रद्धा. पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी पानं खाल्ली. आता तिथे आहे ते नंतरचं झाड. कृपा करून पानं तोडू नका. हात जोडले तरी पुरे.

मंडप याच आवारात असतो. प्रवेश मोफत, पास लागत नाही. रात्रीच्या सभेला मोठी नावं असतात, तेव्हा गर्दी होते. पण माझं मत विचाराल तर सकाळची सभा आधी. प्रत्येक सभा इथल्या संगीत महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांच्या ध्रुपदानं, म्हणजे ख्यालाहून जुन्या, धीरगंभीर गायकीनं सुरू होते आणि लोक नेमके तेव्हा चहा घेत असतात. सोळा-सतरा वर्षांची मुलं, अंगात स्वेटर, चौतालात 'मियां की तोडी' हा राग. आवाज थोडे कापत होते, थंडीनं असतील किंवा धास्तीनं. पण ग्वाल्हेरच्या मानसिंह तोमर राजाच्या दरबारात ज्या गायकीला आसरा मिळाला, ती त्याच किल्ल्याखाली पाचशे वर्षांनंतर ऐकताना माझे डोळे भरून आले. त्यानंतर एका ज्येष्ठ गायकांनी तिलवाडा तालात विलंबित, म्हणजे संथ लयीतला ख्याल मांडला. बंदिशीचे अस्थायी आणि अंतरा हे दोन्ही भाग पूर्ण, मोकळा आकार, कुठेही घाई नाही. ग्वाल्हेरची गायकी म्हणतात ती ही.

आपण मराठी लोकांनी हे ऐकायला का यावं, ते तिथे बसल्यावर कळलं. इचलकरंजीचे बाळकृष्णबुवा याच शहरात वासुदेवबुवा जोशींकडे शिकले. वासुदेवबुवा ग्वाल्हेर घराण्याच्या हस्सू खाँचे शिष्य. बुवा ही गायकी घेऊन दक्षिणेत परतले आणि त्यांच्याकडून ती विष्णू दिगंबर पलुस्करांकडे गेली. पुण्या-मिरजेच्या मैफिलींत आपण जे ऐकत वाढलो, त्याचं मूळ घर हे. शंभराव्या समारोहात राजा मानसिंह तोमर सन्मान इंदूरच्या 'सानंद' या मराठी सांस्कृतिक संस्थेला मिळाला, तेव्हा आजूबाजूला बसलेल्या मराठी काका-काकूंचे चेहरे बघण्यासारखे होते.

थंडीबद्दल नीट सांगते. मंडप उघडा, आणि रात्री नऊनंतर गारठा पायांतून चढतो. आत्या निघताना म्हणाली, "मोजे दोन घाल, आणि शाल वेगळी घे, स्वेटरवर भागायचं नाही." मी एकच जोड घातला आणि दुसऱ्या रात्री मध्येच उठावं लागलं. थर्मासमध्ये चहा असू द्या. परतीची रिक्षा आधीच ठरवून ठेवा. सभा लांबते आणि उशिरा हजिऱ्यावरून लष्करात यायला वाहन मिळणं कठीण जातं. राहायला स्टेशन, पडाव किंवा लष्कर सोयीचं.

दुपारची सुटी रिकामी घालवू नका. जिवाजीगंजात सरोदघर आहे, सरोदवादक अमजद अली खाँ यांचं वडिलोपार्जित घर. तिथली जुनी वाद्यं तासभर थांबून बघा. 1918 साली संगीतशास्त्रज्ञ भातखंडे आणि ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांच्या पुढाकारानं सुरू झालेलं माधव संगीत महाविद्यालयही याच शहरात. नया बाजारात बहादुरा मिठाईवाल्याचे बुंदीचे लाडू खाल्ले, आणि घरच्यांसाठी गजक, म्हणजे तीळगुळाची खुसखुशीत मिठाई घेतली. ती थंडीतच खावी, उन्हाळ्यात ती मजा नाही.

बेहट मात्र चुकवूच नका. शेवटच्या दिवशी सकाळची सभा तानसेनच्या या जन्मगावी, झिलमिल नदीकाठी होते. शहरापासून सुमारे 45 किलोमीटर. आम्ही चौघांत मिळून टॅक्सी केली, तीच परतीला थांबवून ठेवली. तिथे शंकराचं एक कललेलं देऊळ आहे, तानसेनच्या सुरांनी ते कललं असं गावकरी सांगतात. मंचाशेजारी शेतं, गावातल्या बाया डोक्यावर पदर घेऊन पुढे येऊन बसलेल्या. ध्रुपद सुरू झालं तेव्हा एक आजी ताल धरून मांडीवर थाप देत होत्या, अगदी समेवर. खाण्याची सोय तिथे फारशी नाही, डबा न्या. आत्यानं पोळीभाजी दिली होती, तीच झाडाखाली बसून खाल्ली.

त्याच संध्याकाळी शेवटची सभा किल्ल्याच्या पायथ्याशी, गुजरी महालात. मानसिंहानं आपल्या राणीसाठी, मृगनयनीसाठी बांधलेला तो महाल. इथे जागा हजिऱ्याच्या मंडपापेक्षा कमी, म्हणून तासभर आधी जा आणि भिंतीला टेकून बसता येईल अशी जागा धरा. दगड थंडगार असतात, बसायला जाड सतरंजी न्या. आत्या सत्तरीची, तरी शेवटच्या भैरवीपर्यंत उठली नाही. बाहेर पडताना माझ्या हाताला धरून पायऱ्या उतरताना म्हणाली, "पुढच्या वर्षी हरिकथेला वेळेवर ये."