विणलेले प्रकाशतंतू: लाल रंग किती लांब जातो?

सोलापुरी चादरीच्या धर्तीच्या जाड सुती कापडात बाण्याच्या, म्हणजे आडव्या धाग्याच्या, जागी प्लॅस्टिकचे प्रकाशतंतू विणण्याचे माझे काम आता रंगांच्या निवडीपर्यंत आले आहे. तंतू अर्धा मिलिमीटर जाडीचे असून त्यांचा गाभा अ‍ॅक्रिलिकचा, म्हणजेच पॉलिमिथिल मेथाक्रिलेटचा आहे. गाभ्याचा अपवर्तनांक (पदार्थ प्रकाशाला किती वाकवतो त्याचे माप) १.४९ आणि भोवतीच्या फ्लोरिनयुक्त आवरणाचा सुमारे १.४० असल्याने सीमेवरील क्रांतिक कोन ७० अंशांजवळ येतो. त्याहून मोठ्या आपाती कोनाने (सीमेच्या लंबाशी होणाऱ्या कोनाने) आलेला किरण आतच परावर्तित होत पुढे सरकतो.

दिवे कापडापासून दूर ठेवता येतील का, हे पाहण्यासाठी २० मीटर तंतूचे वेटोळे तपासले. पांढऱ्या एलईडीचा प्रकाश दुसऱ्या टोकाला स्पष्टपणे हिरवट होऊन बाहेर पडतो आणि त्याचे कारण पदार्थाच्या रेणूंतच आहे. कार्बन-हायड्रोजन बंधांच्या कंपनांचे अधिस्वर, म्हणजे मूळ कंपनाच्या जवळपास पटीतल्या वारंवारता, दृश्य प्रकाशापर्यंत पोहोचतात, आणि त्यांपैकी शोषणाचा एक ठळक पट्टा ६२५ नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे बाजारातल्या नेहमीच्या लाल एलईडीच्याच जागी पडतो. निळ्या बाजूला विकिरण, म्हणजे प्रकाशाचे विखुरणे, वाढते, कारण ते तरंगलांबीच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असते. मधल्या ५२० आणि ५७० नॅनोमीटरच्या खिडक्या, म्हणजे कमी घट होणारे पट्टे, सर्वांत मोकळ्या आहेत. तिसरी खिडकी ६५० नॅनोमीटरला आहे. तिथली घट किलोमीटरला सुमारे १५० डेसिबल धरली, तर २० मीटरमध्ये ३ डेसिबल, म्हणजे निम्मा प्रकाश जातो.

यावरून ६५० नॅनोमीटरचा गडद लाल एलईडी घ्यावा असे कोणालाही वाटेल, परंतु मला तो निर्णय घाईचा वाटतो. आपल्या डोळ्याला ६५० नॅनोमीटरचा प्रकाश ६२५ च्या मानाने सुमारे एक तृतीयांशच प्रखर भासतो, त्यामुळे छोट्या लांबीवर नेहमीचा लालच सरस ठरतो. म्हणून हिरवा प्रकाश लांबून आणायचा आणि लाल दिवे थेट कापडाच्या काठाशी बसवायचे, असे मी ठरवले आहे.

कापडातल्या दीड मीटरच्या तंतूत ६५० नॅनोमीटरच्या प्रकाशाचे शोषण जेमतेम ५ टक्के असल्याने तिथे खरा प्रश्न वळणांचा आहे. धोट्याने (आडवा धागा इकडून तिकडे नेणाऱ्या साधनाने) तंतू टाकला तर काठाशी तो फार तीव्र वळतो आणि उजेड तिथेच गळतो. त्यामुळे सुटे तुकडे हाताने ओवून त्यांची टोके एका बाजूला जुडीत बांधतो. ताण्याच्या प्रत्येक उभ्या धाग्यावरून जाताना तंतू किंचित वाकतो, काही किरणांचा आपाती कोन ७० अंशांखाली येतो आणि कापड अंगभर उजळते. हा उजेड दिव्याजवळ जास्त आणि पलीकडे कमी असतो, म्हणून बारीक पॉलिश पेपरने दूरच्या भागावर दाट आणि जवळच्या भागावर विरळ ओरखडे काढत आहे.

असे कापड विणणाऱ्यांनी इस्त्री मात्र पूर्णपणे टाळावी. अ‍ॅक्रिलिक १०५ अंश सेल्सियसच्या सुमारास मऊ पडते आणि सुती कापडाची इस्त्री त्याहून बरीच तापलेली असते. सोलापूरच्या चाळीस अंशांपलीकडच्या उन्हाळ्याने तंतूला काही होत नाही. जुडीच्या तोंडाशी बसवलेल्या जास्त वॅटच्या एलईडीला मात्र अ‍ॅल्युमिनियमची पट्टी लावून उष्णता बाहेर काढावी लागते, आणि सध्या तीच पट्टी बसवण्याचे काम चालू आहे.