इवाकुनी, म्हणजे थोडं आमचं वास्कोच

आम्ही गोव्यात वास्कोला, दाबोळी विमानतळाजवळ राहणारी माणसं, नेव्हीच्या रनवेवरूनच आमची विमानं उडतात, त्यामुळे जपानात इवाकुनीला गेलो आणि डोक्यावरून फायटर जेट गेलं तेव्हा बायको एवढंच म्हणाली, घरी आल्यासारखं वाटतंय. तिथे अमेरिकन मरीन्सचा तळ आणि २०१२ पासून प्रवासी विमानंही त्याच रनवेवर, सेम टू सेम!

किल्ल्याची मात्र मला दया आली. १६०८ मध्ये बांधून झाला आणि सातच वर्षांत, एका प्रांतात एकच किल्ला हा शोगुनचा, म्हणजे तिथल्या लष्करी राज्यकर्त्याचा, हुकूम आला म्हणून पाडला, आता दिसतो तो १९६२ चा, रोपवेने वर जायचं, फोटो काढायचे, झालं. खरी मजा खाली नदीवरच्या किंताई पुलावर, लाकडाच्या पाच कमानी, आणि पायऱ्या इतक्या विचित्र अंतराच्या की माझे गुडघे बोलायलाच लागले. १६७३ चा पूल पुढच्याच वर्षी पुरात गेला, परत बांधला, मग १९५० च्या वादळात गेला, १९५३ ला परत उभा.

दुपारी कमळकाकडी खाल्ली, तिथली फेमस. चकतीला नऊ भोकं, मी मोजली. कुरकुरीत होती पण नुस्त्याशिवाय, म्हणजे मासळीशिवाय, जेवण आमच्या घशाखाली उतरतंय होय?